चार बोटं अंतर

अमेरिकेतल्या यादवी युद्धात, म्हणजे १८६१ ते १८६५ या काळात, दक्षिणेच्या सैन्यातल्या मोजक्या नेमबाजांना व्हिटवर्थ ही इंग्रजी रायफल मिळालेली होती. होती ठासणीचीच, पण त्या काळातल्या सर्वांत अचूक बंदुकांपैकी एक. नळीचं छिद्र गोल नव्हे, षट्कोनी. यातल्या काही बंदुकांच्या डाव्या अंगाला दुर्बीण बसवलेली असे. त्या सैन्यातल्या लोकांच्या आठवणींत एक गोष्ट सांगितली जाते: लढाई संपल्यावर दुर्बीणवाला कोणता, हे विचारावं लागत नसे. ज्याच्या डोळ्याभोवती काळंनिळं, तो.

या दुर्बिणीला नाव होतं डेव्हिडसनचं. डेव्हिड डेव्हिडसन हा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करातला अधिकारी. म्हणजे दुर्बिणीने डोळा सुजवण्याच्या इतिहासाचं एक टोक आपल्या मुंबई इलाख्यात निघतं. दीडशेहून अधिक वर्षांत भिंगं सुधारली, धातू सुधारले, आत पाणी-धुकं शिरू नये म्हणून नळीत नायट्रोजन भरू लागले. जखम मात्र तीच राहिली आणि तीही त्याच जागी, भुवईवर किंवा नाकाच्या मुळाशी.

ही जखम धारेची नसते. दुर्बिणीच्या मागच्या कड्याचा काठ भुवईवर आपटतो. तिथे कातडीच्या खाली लगेच हाड लागतं, मध्ये मांस जवळपास नाहीच. धातू आणि हाड यांच्या मध्ये सापडून कातडी चेचली जाते आणि फाटते. चेहऱ्याला रक्तपुरवठा मुबलक, त्यामुळे जखम लहान असली तरी क्षणात शर्ट लाल होतो. मागे अर्धगोल व्रण राहतो. नेमबाजांच्या टोळक्यात त्याची थट्टा होते, पहिली शिकार झाल्यासारखं कौतुकही होतं. मला या कौतुकात अर्थ दिसत नाही. ज्या कड्याने भुवई फोडली, तेच कडं बोटभर खाली आलं असतं तर डोळ्यावर बसलं असतं.

आता हे घडतं कसं ते पाहू. गोळी पुढे जाते म्हणून बंदूक मागे येते, हा न्यूटनचा तिसरा नियम शाळेत सगळ्यांनी पाठ केलेला आहे. पण पुढे फक्त गोळी जात नाही. नळीत भरलेली दारूसुद्धा वायू, धूर आणि जळका गाळ होऊन पुढेच जाते, तीही गोळीपेक्षा जास्त वेगाने. ठासणीच्या बंदुकीत हा दुसरा वाटा मोठा असतो. काळ्या दारूची ताकद वजनाच्या मानाने कमी, म्हणून ती जास्त लागते. वर तिच्या वजनातला निम्म्याहून थोडा अधिक भाग जळल्यावर वायू होतच नाही. त्याचा घनरूप गाळ होतो. तोच पांढरा धूर बनून समोर पसरतो आणि नळीच्या आत काजळी होऊन चिकटतो.

अंदाजे हिशेब मांडू. गोळी १६ ग्रॅम, वेग सेकंदाला ५०० मीटर. दारू साडेसहा ग्रॅम, म्हणजे बंदूकवाल्यांच्या मापात १०० ग्रेन. बंदूक साडेतीन किलोची. गोळी आणि दारू यांचा मिळून जो पुढचा संवेग होतो, तेवढाच बंदुकीला मागे मिळतो. त्यातून बंदुकीचा मागचा वेग सेकंदाला साधारण साडेतीन मीटर निघतो. ऐकायला फार वाटत नाही. पण डोळा आणि दुर्बीण यांच्यात चार बोटं, म्हणजे सात-आठ सेंटिमीटर अंतर असेल, तर मोकळ्या सुटलेल्या बंदुकीला ते कापायला सेकंदाचा चाळिसावा भागही पुरतो. धोका दिसल्यावर पापणी मिटायला सुरुवात होते, तीच याहून थोड्या उशिराने. थोडक्यात, "मी चटकन डोकं मागे घेईन" हा विचार सोडून द्यावा. शरीराला कळेपर्यंत काम झालेलं असतं.

आता याच्या उलट टोकाची बंदूक पाहू. पॅरिस ऑलिंपिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने कांस्यपदक घेतलं, ते ५० मीटर रायफलच्या थ्री पोझिशन प्रकारात. त्या रायफलीची गोळी जेमतेम अडीच ग्रॅमची, वेग सेकंदाला सव्वातीनशे मीटरच्या आसपास आणि बंदूक पाच-सहा किलोंची. हिशेब केला तर तिचा मागचा वेग ठासणीच्या त्या बंदुकीच्या वीस-पंचवीसपटींनी कमी येतो. शिवाय त्या प्रकारात दुर्बीण चालत नाही. मागच्या बाजूला बारीक छिद्राची चकती असते आणि तिला डोळा अगदी जवळ लावून नेम धरतात. तिथे ते बरोबरच आहे. पण ही सवय अंगात मुरलेला माणूस एखाद्या दणकट बंदुकीमागे बसला की त्याचा चेहरा आपोआप पुढे सरकतो. अशा माणसाचा हात स्थिर असतो, श्वास ताब्यात असतो, नेम चोख असतो; चुकतं ते फक्त डोळ्याचं अंतर.

या अंतराला नेमबाज आय रिलीफ म्हणतात. दुर्बिणीतून बाहेर पडणारा प्रकाश भिंगामागे ठरावीक अंतरावर एकत्र येतो. बुबुळ त्या जागी असेल तरच काठोकाठ भरलेलं चित्र दिसतं. रायफलीच्या साध्या दुर्बिणीत हे अंतर तीन ते चार इंच असतं. पिस्तुलाच्या दुर्बिणीत ते एक-दोन फुटांपर्यंत जातं, कारण ती हात लांब करून धरायची असते. मग सगळ्याच दुर्बिणी तशा का करत नाहीत? कारण डोळा जेवढा लांब, तेवढा दिसणारा मुलूख लहान. भिंग तेवढंच ठेवून दोन्ही गोष्टी मिळत नाहीत.

अपघाताचं बी इथेच पडतं. डोळा योग्य जागेच्या मागे असला की चित्राभोवती काळी कड दिसते आणि चित्र लहान वाटतं. माणूस काय करतो? चित्र भरेपर्यंत मान पुढे काढतो. तसं कुणी शिकवलेलं नसतं. डोळाच ते मागत असतो. त्यात दुर्बिणीची ताकद वाढवली की अडचण आणखी वाढते. ४० मिलिमीटरच्या भिंगाची दुर्बीण चारपटीवर असेल तर डोळ्याकडे येणारा प्रकाशाचा झोत १० मिलिमीटर रुंद असतो. दहापटीवर तो फक्त ४ मिलिमीटर उरतो. एवढ्याशा झोतात बुबुळ बसवण्यासाठी माणूस चाचपडतो, पुढे-मागे होतो, आणि बऱ्याच दुर्बिणींत पट वाढवल्यावर आय रिलीफसुद्धा थोडा आखडतो. म्हणून दुर्बीण बसवताना ती सर्वांत मोठ्या पटीवर ठेवून तपासायची असते. दुकानात मात्र बहुतेक लोक सर्वांत लहान पटीवर बघून खूश होतात.

तपासण्याची रीत साधी आहे. बंदूक रिकामी आहे याची आधी खात्री करायची. ठासणीच्या बंदुकीत ही खात्री नुसतं पाहून होत नाही. ठासणीचा गज नळीत सोडून तो तळापर्यंत जातो का ते पाहावं लागतं. मग डोळे मिटून बंदूक नेहमीसारखी खांद्याला लावायची, गाल दस्त्यावर टेकवायचा आणि डोळे उघडायचे. मान न हलवता चित्र काठोकाठ दिसलं पाहिजे. दुर्बीण पुढे सरकवत न्यायची, कड काळी होऊ लागली की किंचित मागे घ्यायची आणि तिथेच पक्की करायची. म्हणजे चित्र पूर्ण राहील अशी, पण जास्तीत जास्त पुढे. हे सगळं त्याच कपड्यांत आणि त्याच बैठकीत करावं, ज्यात बार काढायचा आहे. उभ्याने बसवलेली दुर्बीण पालथं पडून वापरली की चेहरा बोट-दोन बोटं पुढे येतो. चढावर वरच्या दिशेने नेम धरतानाही तेच होतं. भुवया फुटतात त्या बहुधा या दोन बैठकींत आणि टेबलावर बंदूक टेकवून वाकून बसलेल्यांच्या.

खांद्याशी बंदूक घट्ट हवी, हे सगळेच सांगतात. का, ते कमी जण सांगतात. दस्ता खांद्याला चिकटलेला असेल तर बंदुकीच्या साडेतीन किलोंत खांद्याचं आणि छातीचं वजन मिळतं, आणि सगळं मिळून हळू मागे येतं. मध्ये बोटभर फट राहिली तर बंदूक पूर्ण वेगाने मोकळी मागे येते, खांद्यावर आदळते आणि दुर्बीण तेवढी चेहऱ्याच्या जवळ पोचलेली असते. दुखेल या भीतीने माणूस बंदूक सैल धरतो आणि म्हणूनच त्याला जास्त लागतं. दस्त्यामागे लावायच्या रबरी गादीबद्दलही एक गैरसमज आहे. ती खांद्याचं दुखणं कमी करते, कारण धक्का जास्त वेळात आणि जास्त जागेवर पसरतो. पण गादी दबते तेवढी बंदूक मागेच सरकते. भुवईला तिचा उपयोग नाही. दुर्बिणीच्या कड्यावर चढवायच्या रबरी वेढ्याचंही तसंच. कापलं जाण्याऐवजी मुका मार बसेल, एवढाच फरक.

धक्का सरळ मागेही येत नाही. नळीची रेषा खांद्याच्या टेकूच्या वर असते, म्हणून बंदुकीचं तोंड वर उचललं जातं आणि नळीवर बसवलेली दुर्बीण मागे येता येता गोलाईत फिरते. तिचं कडं भुवईवर येतं ते यामुळे. गोळी नळीत असेपर्यंत बंदूक जेमतेम तीन-चार मिलिमीटर सरकलेली असते. खरा धक्का गोळी निघून गेल्यावरचा. त्यामुळे डोळा मिटणं, मान आखडणं, चाप झटक्याने ओढणं, नेम बिघडतो तो धक्क्यापेक्षा या भीतीच्या हालचालींनी. आणि एकदा भुवई फुटली की ती भीती माणसाला वर्षानुवर्षं सोडत नाही.

काडतुसाच्या बंदुकीत दारू कारखान्यात मोजून भरलेली असते. ठासणीच्या बंदुकीत मोजणारा आपणच. इथे चुकायला जागा आहे. जुलै १८६३ मधल्या गेटिसबर्गच्या लढाईनंतर मैदानावरून गोळा केलेल्या सुमारे साडेसत्तावीस हजार बंदुकांपैकी चोवीस हजारांच्या आसपास भरलेल्या निघाल्या आणि त्यांतल्या निम्म्या बंदुकांत एकावर एक दोन बार ठासलेले होते, काहींत तर त्याहून जास्त, अशी नोंद आहे. गोंधळात बार उडाला की नाही हे सैनिकांना कळलंच नाही. दुप्पट बाराचा धक्का अर्थातच वेगळा, आणि नळी फुटण्याचा धोका त्याहून वेगळा. म्हणून जाणते लोक ठासणीच्या गजावर खूण करून ठेवतात: रिकाम्या नळीत गज कुठवर जातो आणि नेमका एक बार भरल्यावर कुठवर. खूण जुळली नाही तर चापाला बोट लावायचं नाही. काळ्या दारूच्या बंदुकीत काडतुसातली धूरविरहित दारू तर कधीच घालू नये. तिचा दाब ती नळी पेलत नाही.

दुर्बीण आणि ठासणीची बंदूक ही जोडी आज आहे ती मुख्यतः अमेरिकेत. तिथे हरणाच्या शिकारीचा वेगळा ठासणी-हंगाम असतो. १९८५ मध्ये मिझुरीच्या टोनी नाइट यांनी एमके-८५ नावाची बंदूक आणली. तिच्यात दारू पेटवणारी टोपी नळीच्या थेट मागे बसते, बाजूचा जुना घोडा नाही, आणि वर दुर्बीण सहज बसते. मग लांबचा नेम, लांबच्या नेमासाठी जास्त दारू, जास्त दारूमुळे जास्त धक्का, अशी साखळी लागली. सगळीकडे मात्र हा ओघ नाही. पेनसिल्व्हेनियात १९७४ पासून चकमकीच्या बंदुकीचा स्वतंत्र हंगाम आहे, आणि कोलोरॅडो राज्य तर ठासणीच्या हंगामात दुर्बीण लावूच देत नाही. माझं मत कोलोरॅडोच्या बाजूचं आहे. जी बंदूक शंभरेक मीटरपर्यंतच भरवशाची, तिला नळीच्या टोकावरची माशी पुरे. दुर्बिणीने बंदुकीची पोच वाढत नाही, बाळगणाऱ्याचा आत्मविश्वास वाढतो.

आमच्या छत्तीसगडात ठासणीच्या बंदुकीला भरमार म्हणतात, आणि गडचिरोलीकडच्या मराठी बातम्यांतही हाच शब्द येतो. बस्तरच्या जंगलातून पोलिसांनी जप्त केलेल्या हत्यारांची यादी वाचली की रायफलींबरोबर भरमार हमखास असते. दुर्बीण तिच्यावर नसते, कित्येकींवर माशीही नसते. कोकणात सिंधुदुर्ग-रत्नागिरीकडे माकडं आणि रानडुकरं हाकलायला शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर बंदुका असतात आणि निवडणूक आली की त्या पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. कायदा दोन्हीकडे एकच. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली ठासणीच्या बंदुकीलाही परवाना लागतो, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आपल्याकडे शिकारीचा हंगाम नावाची गोष्टच नाही.

गावठी भरमारचा धोका भुवईपुरता थांबत नाही. भिलाईत राहणाऱ्या माणसाला रुळाचं पोलाद वेगळं आणि जहाजाच्या पत्र्याचं वेगळं, हे सांगावं लागत नाही. आयएनएस विक्रांत या युद्धनौकेसाठी पोलाद पुरवणाऱ्या सेलच्या कारखान्यांत आपला भिलाई पोलाद कारखानाही होता. प्रत्येक पोलादाचं काम ठरलेलं असतं, चाचणी ठरलेली असते. मिळेल त्या पाइपची नळी करणाऱ्याकडे यातलं काहीच नसतं. तिथे मागे येणारी वस्तू दुर्बीण नसून नळीचा तुकडा असू शकतो. अशा बंदुकीला कसं धरावं याचा सल्ला नाही. तिला हात लावू नये.

मग भिलाईत हा विषय कुणाच्या कामाचा? छत्तीसगड सशस्त्र दलाची पहिली वाहिनी इथे आहे, सीमा सुरक्षा दलाचं सीमांत मुख्यालय इथे आहे. त्या जवानांना हे रीतसर शिकवलेलं असतं. मला काळजी वाटते ती छऱ्याच्या बंदुकीची. ४.५ मिलिमीटर छिद्राची आणि २० जूलच्या आतली एअर रायफल परवान्याशिवाय मिळते. पोरं ती घेतात, तिच्यावर दुर्बीण चढवतात आणि गच्चीत डब्यांवर नेम धरतात. स्प्रिंगच्या एअर रायफलचा धक्काही विचित्र असतो: दट्ट्या पुढे सुटताना बंदूक किंचित मागे येते आणि दट्ट्या टोकाला थडकला की पुढे हिसकते. एवढ्याने भुवई फुटत नाही. पण डोळा दुर्बिणीला चिकटवून बसायची सवय लागते, कारण शिक्षा होत नाही. मोबाइलवरच्या खेळात तर दुर्बीण पडदाभर उघडते, अंतर हा प्रकारच नाही. हाच मुलगा पुढे पोलिसात, सैन्यात किंवा रेंजवर मोठ्या बंदुकीमागे जातो. गच्चीवर असतानाच त्याला चार बोटं मोजायला लावली तर पुढचे टाके वाचतील.

संरक्षक चष्मा हवाच. कारखान्यात तो घालून आयुष्य काढलेल्या गावाला याची सवय आहे. ठासणीच्या बंदुकीत टोपी फुटते तेव्हा तांब्याचे बारीक तुकडे आणि ठिणग्या उडतात, डोळ्याला त्यांचा धोका दुर्बिणीइतकाच खरा. चष्म्याची काच पॉलिकार्बोनेटची असावी, साधी नको. आणि दुसऱ्याने आग्रहाने हातात दिलेल्या अनोळखी बंदुकीतून "एकच बार काढून बघ" म्हटल्यावर काढू नये. तिची दुर्बीण त्याच्या मानेच्या लांबीला बसवलेली असते, आपल्या नव्हे. बुटक्या माणसाची बंदूक उंच माणसाने घेतली की दस्ता आखूड पडतो आणि दुर्बीण थेट भुवईशी येते.

इतकं करूनही लागलंच, तर स्वच्छ कापड जखमेवर दहा-पंधरा मिनिटं सलग दाबून धरा, मध्ये उचलून बघू नका, आणि डोळ्याच्या गोळ्यावर दाब देऊ नका. हळद, चुना, तंबाखू काही भरू नका. जखमेच्या कडा उघड्या पडल्या असतील तर टाके लागतील. पण दिसणं अंधुक झालं, एकाचे दोन दिसू लागले, डोळ्यासमोर काळे ठिपके किंवा विजेसारख्या रेघा चमकू लागल्या, किंवा बुबुळासमोर रक्त साकळलेलं दिसलं, तर टाक्यांची वाट पाहत बसू नका. डोकं वर ठेवून माणसाला बसवा आणि सरळ डोळ्यांचे डॉक्टर असलेल्या रुग्णालयात न्या. आपल्याकडे सेक्टर ९ चं जवाहरलाल नेहरू रुग्णालय जवळ आहे. तिथे जाऊन खरं सांगा, "दारावर आपटलं" असं सांगू नका. मार किती जोराचा होता हे कळलं तरच डॉक्टर डोळ्याचा मागचा पडदा तपासतील.